चांगुणेनं रडायचं नाही

चिलयाबाळाच्या गोष्टीतली सगळ्यात भयंकर जागा कोणती, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. वडील म्हणायचे, पोरगं पाठशाळेतून नाचत घरी येतं, ती. मला लहानपणी सुरीचीच भीती वाटायची. आत्या म्हणायची, "उखळ." त्यापुढे ती काही बोलत नसे.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, तरी सांगते. श्रियाळ राजा मोठा शिवभक्त. दारी आलेल्या अतिथीला विन्मुख पाठवायचं नाही, हे त्याचं व्रत, आणि राणी चांगुणा त्या व्रतात त्याच्याइतकीच बांधलेली. त्याचं सत्त्व पाहायला शंकर ओंगळ गोसाव्याचं रूप घेऊन येतो आणि जेवणात नरमांस मागतो. कुठून विकत आणलेल्या माणसाचं चालणार नाही, घरच्या लेकराचंच हवं. लेकरू एकच, चिलया. आईबाप कबूल होतात. पोराला शाळेतून बोलावून आणतात, कापतात, रांधतात. चांगुणा त्याचं मस्तक तेवढं बाजूला लपवते. पुढे तोंड बघायला काहीतरी उरावं म्हणून. अतिथीच्या ते ध्यानात येतं. मुख्य अवयवच दडवलास म्हणून तो पानावरून उठायला निघतो. मग ती ते शिर उखळात घालते आणि मुसळ हातात घेते. अट अशी की डोळ्यांतून पाण्याचा थेंब पडता कामा नये. रडत रांधलेलं अन्न या पाहुण्याला चालत नाही. हसतमुखानं, गाणी म्हणत कांडायचं.

पुढचं सगळं झरझर होतं. पान वाढलं जातं आणि अतिथीला आणखी एक खोड आठवते: निपुत्रिकाच्या घरी आपण जेवत नाही, मुलाला हाक मार. चांगुणा दारात जाऊन हाक मारते आणि चिलया धावत येतो. गोसावी शंकर होतो, विमान येतं, सगळे कैलासाला जातात.

श्रीधरांनी ही कथा शिवलीलामृताच्या चौदाव्या, म्हणजे शेवटच्या अध्यायात घेतली. ग्रंथ पुरा झाला १७१८ साली, बारामतीत. तेव्हापासून दर श्रावणात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत चांगुणा मुसळ उचलते आहे. रोजच्या पठणाला बायका अकरावा अध्याय धरतात, पण पारायण करायचं तर चौदाव्यातून सुटका नाही.

कथेतलं गाव कांतीनगर. म्हणजे आपली कांची. गोष्ट दक्षिणेकडून चालत आलेली आहे, हे त्या नावातच कळतं. तमिळमध्ये हिचा नायक आहे सिरुतोंडर. बाराव्या शतकातल्या पेरियपुराणात त्याची कथा येते, आणि तिथे तो राजा नाही, पल्लवांचा निवृत्त सेनापती आहे. ६४२च्या सुमारास पल्लवांनी चालुक्यांची वातापी, म्हणजे आजची बदामी, घेतली; दुसऱ्या पुलकेशीचा शेवट तिथेच झाला, असं मानतात. ती राजधानी उद्ध्वस्त करणाऱ्या फौजेचा हा म्होरक्या. राजाला कळलं की आपला सेनापती शिवभक्त आहे, तेव्हा त्यानं मानानं त्याला नोकरीतून मोकळं केलं. मग हा गावी परतला आणि रोज एका शिवभक्ताला जेवू घातल्याशिवाय जेवेनासा झाला. एके दिवशी दारात भैरवपंथी जोगी उभा राहिला.

हे वाचल्यापासून मला ती गोष्ट जराशी वेगळी दिसायला लागली आहे. बदामीच्या वेशीच्या आत तेव्हा किती चिलया होते, ते कुठल्याच पुराणात नाही. त्यांच्या आयांना कुणी 'रडू नका' म्हणालं असेल का, हेही नाही. सेनापतीच्या उंबऱ्यावर देवानं एक मूल मागितलं, त्याला पुराणकार सत्त्वपरीक्षा म्हणतात. जुना हिशेब वसूल करायला आलेला देव, असंही कुणी वाचू शकेल. अर्थात हे माझ्या मनातलं. पारायणाला बसलेल्या बायकांपुढे मी ते बोलणार नाही.

आत्याचा मुलगा विहिरीत गेला तेव्हा मी शाळेत होते. नऊ वर्षांचा होता. पोहायला शिकत होता, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधलेला; तो सुटला. नंतरचे दिवस मला आठवतात ते येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांमुळे. ओसरीवर सतरंजी, कोपऱ्यात पाण्याची कळशी, आणि एकेक जण येऊन ठरलेलं बोलून जाई. देवाच्या मनात होतं. देवाला आवडतात ती लवकर जातात. तुझा सुटला गं, पुण्यवान जीव होता. आणि सगळ्यांत जास्त वेळा: रडू नकोस, आक्का, त्याच्या जिवाला तिकडे त्रास होतो. आत्या त्या सगळ्यांना "हो" म्हणत होती. हातात पदराचं टोक होतं, त्याचा ती बोळा करायची आणि उलगडायची.

देवळातले बुवा आले. वयानं मोठे, गावात मान असलेले, मनानंही चांगले. त्यांनी चांगुणेचं नाव काढलं. म्हणाले, "आक्का, त्या माउलीनं काय सोसलं ते आठवा. देवानं मागितलं, तिनं दिलं."

आत्या म्हणाली, "बुवा, तिला विचारलं तरी होतं."

पुढे कुणी काही बोललं नाही. बुवांनी पाणी घेतलं आणि उठले.

त्या एका वाक्यानं मला पुढच्या आयुष्यात बरंच पुरवलं आहे. पुराणातली परीक्षा कितीही निर्दय असो, तिच्यात देव निदान दारात येतो. मागतो. 'नाही' म्हणायची फट ठेवतो. परीक्षेला अर्थच त्या फटीमुळे येतो. आपल्या वाट्याला येतं ते असं नसतं. विहीर विचारत नाही, रक्ताचा रिपोर्ट विचारत नाही. घेऊन झाल्यावर लोक आपल्याला सांगतात की तू दिलंस म्हण. जे आपण कधी दिलंच नाही त्याचं दान सोडायचं, तेही कोरड्या डोळ्यांनी. चांगुणेकडून मागितलं त्यापेक्षा हे जास्त आहे, असं मला वाटतं. आणि शेवटी हाक मारल्यावर कुणी धावत येत नाही.

आत्यानं पोथी मात्र सोडली नाही. श्रावणात पारायण चालूच राहिलं. चौदावा अध्याय आला की ती वाचत वाचत शिर दडवण्यापर्यंत यायची, तिथे पोथी माझ्या आईच्या पुढ्यात सरकवायची आणि आत जायची. आतून भांड्यांचा आवाज यायचा. आई पुढच्या ओव्या वाचायची. चिलया धावत आला की आत्या हात पुसत बाहेर यायची, पोथी परत घ्यायची आणि शंकराची स्तुती स्वतः वाचून अध्याय पुरा करायची. शेवटी डोकं टेकवायची. याबद्दल घरात कधी चर्चा झाली नाही. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं, तेव्हाही आत्यानं काही सांगितलं नाही, नुसती पोथी सरकवली.

त्याला श्रद्धा म्हणायचं की श्रद्धेतली खोट, हे ठरवणारी मी कोण? एवढं खरं की ती देवापुढून उठून जात होती आणि परत येत होती. ज्यांच्या श्रद्धेला कधी उठावं लागलं नाही, त्यांच्याइतकी ती ठाम नसेल. पण त्या ओव्या तिनं तोंडानं म्हणाव्यात असा आग्रह धरणारा देव असेल, तर त्याच्याशी माझं जमणार नाही.

या गोष्टीची मोठी बहीण म्हणजे अब्राहामाची. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान, तिघांचीही ती आपली आहे. देव सांगतो, तुझा लाडका मुलगा मला अर्पण कर. बायबलमधल्या उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात ती अगदी थोडक्या शब्दांत येते. तिसऱ्या दिवशी डोंगर दिसतो. लाकडाची मोळी इसहाकाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. पोरगा विचारतो, बाबा, सगळं आहे, कोकरू कुठंय? बाप म्हणतो, देव बघून घेईल. सुरी वर उचलल्यावर देवदूत हाक मारतो आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो.

मला त्या अध्यायातलं मौन खटकत आलं आहे. हाच अब्राहाम चारच अध्याय आधी सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील? पंचेचाळीस? चाळीस? असं करत करत तो दहावर आणतो. मंडईत भाव पाडावा तसा. परक्यांच्या गावासाठी एवढं बोलणारा माणूस स्वतःच्या मुलासाठी एक शब्द काढत नाही. भाष्यकारांनी यालाच श्रद्धेचं शिखर मानलं आहे. असेल. पण सारेला, म्हणजे मुलाच्या आईला, त्या पहाटे कुणी काही सांगितल्याचं दिसत नाही. त्या अध्यायात तिचं नावच नाही. पुढचा अध्याय उघडला की पहिली बातमी तिच्या मृत्यूची, हेब्रोनात, एकशे सत्तावीस वर्षांची होऊन. तिला पुरायला अब्राहाम मकपेलाची गुहा विकत घेतो, चारशे शेकेल चांदी मोजून. जुन्या ज्यू भाष्यकारांनी हे दोन अध्याय जोडून वाचले आणि म्हटलं, डोंगरावरची बातमी कानावर पडली आणि तिचा जीव गेला. मुलगा वाचला होता, तरीही.

कुराणात ही गोष्ट येते तिथे एक फरक आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. इब्राहीम मुलाला आधी सांगतो: मी असं स्वप्न पाहिलं, तुला काय वाटतं? मुलगा म्हणतो, तुम्हाला जी आज्ञा झाली ते करा. सुरी ज्याच्या मानेवर यायची त्याला विचारलेलं आहे. मुलाचं नाव तिथे दिलेलं नाही. परंपरेनं तो इस्माईल. आणि बकरीदच्या कुर्बानीबद्दल कुराण स्वच्छ सांगतं की अल्लाहकडे मांस पोचत नाही, रक्तही पोचत नाही. पोचते ती तुमची भक्ती. मांस माणसांकडे जातं. रूढ वाटणी तीन भागांची: घरचा, नातेवाइकांचा, गरिबांचा. एवढ्या मोठ्या सुरीची गोष्ट शेवटी कुणाच्या तरी चुलीवरच्या पातेल्यात येऊन थांबते, याचं मला बरं वाटतं.

श्रियाळाकडे परत येते, कारण आपल्याकडे या नावाचा आणखी एक माणूस आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावण शुद्ध षष्ठीला, काही गावांत मातीचा शिराळशेठ करतात, वाजतगाजत मिरवतात आणि लगेच पाण्यात सोडतात. याची कथा दुर्गादेवीच्या दुष्काळाची आहे. १३९६च्या सुमाराला सुरू झालेला हा दुष्काळ लोकांच्या आठवणीत बारा वर्षांचा आहे. शिराळशेठ हा धान्याचा मोठा व्यापारी. त्यानं आपली पेवं उघडली आणि लोकांना जगवलं. बहामनी बादशहा खूश झाला, म्हणाला, माग काय हवं ते. यानं राज्य मागितलं, औट घटकेचं. साडेतीन घटका म्हणजे घड्याळाची ८४ मिनिटं. तेवढ्यात त्यानं लोकांच्या भल्याचे हुकूम सोडले, असं सांगतात. त्याची मूर्ती लगेच बुडवतात ती म्हणूनच.

दोघांच्या गोष्टी लोकांनी एकाच नावात, एकाच सणात मिसळून टाकल्या आहेत. कुणी म्हणतं हा चिलयाचा बाप, कुणी म्हणतं हा दुष्काळातला शेठ. संशोधकांनी त्या सोडवत बसावं. मला ती सरमिसळ तशीच आवडते. दोघांच्याही दारात भुकेला उभा आहे. एकानं पोर दिलं, एकानं पेव दिलं. आणि पेव देणंही काही स्वस्त नव्हतं. दुष्काळाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पुढचा पाऊस कुणी पाहिलेला नसताना, साठ्याचं तोंड उघडणाऱ्याला रात्री झोप लागली असेल असं वाटत नाही. त्याच्याही घरात पोरं असतील, आणि बायको. 'आपल्याला काय उरणार' हे तिनं विचारलं असेलच.

ही बायको इतिहासात नाही. पण तिच्यासारखी एक आहे, आणि तिचं नाव पत्त्यासकट आपल्याला माहीत आहे.

तुकोबांच्या आयुष्यात १६३०चा दुष्काळ आला तेव्हा देहूच्या त्या वाण्याच्या घरात महाजनकी होती, सावकारी होती. सगळं गेलं. थोरली बायको रखमाई गेली, मुलगा संतोबा गेला. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे त्यांचेच शब्द. आणि त्याच तोंडानं ते पुढे म्हणतात, 'बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥' शाळेत हा अभंग आम्हाला वैराग्याचं उदाहरण म्हणून शिकवला. 'बरें झालें' म्हणायला मधे किती रात्री गेल्या असतील, ते शिकवलं नाही. अन्न अन्न करणारी बाई ज्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिली, त्याला 'बरें झालें' म्हणायचा अधिकार असेल. ओसरीवर सांत्वनाला आलेल्या माणसाला तो नाही.

मग तुकोबांनी सावकारीची खतं, म्हणजे कुळांचे कर्जरोखे, काढली. अर्धी भाऊ कान्होबाच्या स्वाधीन केली, त्याचा त्याचा संसार होता म्हणून. उरलेली अर्धी इंद्रायणीत सोडली. पुढे बुडून वर आलेल्या गाथ्याची आख्यायिका सगळ्यांच्या तोंडी आहे. मला या न तरलेल्या कागदांचं जास्त वाटतं. देहूच्या आसपास कितीतरी घरांत त्या दिवशी चूल जरा निश्चिंतपणे पेटली असेल. हे शिराळशेठच्या जातीचं देणं. देवासाठी सोडलं म्हणायचं, पण सुटलं ते कुळांचं कर्ज.

एका घरात मात्र चूल पेटायची पंचाईत झाली. दुसरी बायको जिजाई, पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक, खात्यापित्या घरातून आलेली. लोक तिला आवली म्हणत. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर विठ्ठलाचं नाव घेत बसलेला, घरात पोरं, दारात मागणारे. ती तोंडाची फटकळ होती आणि विठोबाला काळ्या म्हणून शिव्या द्यायची. 'बाइल कर्कशा' हे प्रशस्तिपत्र खुद्द नवऱ्यानं देवासमोर दिलेलं. कीर्तनात अजून तिच्या नावावर हमखास हशा घेतात.

मी त्या हशात सामील होत नाही. ईश्वराच्या इच्छेपुढे मान तुकवणाऱ्याची किंमत मोठी असते, यात शंका नाही, पण ती किंमत क्वचितच तो एकटा भरतो. शेजारी कुणीतरी असतं, ज्यानं सही केलेली नसते. इसहाक असतो, सारा असते, आवली असते. तुकोबांनी आवलीला विचारलं होतं का? आख्यायिका सांगतात, तिला त्यांनी पुष्कळ बोध केला. बोध आणि विचारणं यांत आत्याला फरक कळला असता.

आवलीनं सोडून दिलं नाही, हेही तितकंच खरं. ती विठ्ठलाला शिव्या घालत घालत भाकरी बांधून रोज डोंगर चढायची. आपल्या परंपरेत हे काही अगदी उपरं नाही. जनाबाईनं विठ्याला मूळ मायेचं कारटं म्हटलं आणि आपण तो अभंग गातो. फरक इतकाच की जनाबाई संत झाली आणि आवली कर्कशा राहिली. तुकोबा १६५०त गेले तेव्हा ती गरोदर होती. बाप न पाहिलेला तो मुलगा म्हणजे नारायणबाबा. १६८५ साली त्यानं तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून ती पंढरीला नेली. ती आजही निघते, आणि कोणाच्या घामावर तो मुलगा वाढला ते कुणी विचारत नाही.

तिच्याबद्दलची एक आख्यायिका मात्र वारकऱ्यांनी जपून ठेवली आहे. भर उन्हात ती भाकरी घेऊन भंडाऱ्याकडे निघाली आणि पायात मोठा काटा रुतला. कळ मस्तकात गेली, खाली बसली आणि सवयीप्रमाणे विठ्ठलाच्या नावानं शंख केला. तो स्वतः आला आणि काटा काढायला बसला. हिनं तोंड फिरवलं. या काळ्याचं तोंड बघायचं नाही. तरी त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला आणि काटा काढला. कीर्तनकार सांगतात तेव्हा त्यांचा रोख देवाच्या दयेवर असतो. माझं लक्ष आवलीकडे असतं. तिनं माफी मागितल्याचं, पश्चात्ताप झाल्याचं या गोष्टीत मी कधी ऐकलं नाही. काटा निघाला, ती उठली आणि वर चढली. भाकरी पोचवायची होती.